स्थगितीत वाचायचा कौल

येवला आणि कोपरगाव हे शेजारचे तालुके. नांदूरमध्यमेश्वरहून निघणारा गोदावरीचा डावा कालवा दोघांच्याही शिवारातून जातो. दोन्हीकडे ऊस आहे, कांदा आहे, पतसंस्था आहेत, आणि सरकारशी भांडण्याची हौसही सारखीच आहे. पण येवल्याच्या माणसाने रिट दाखल केली की त्याचे मॅटर मुंबईच्या मुख्यपीठापुढे लागते. कोपरगावचा माणूस तीच तक्रार घेऊन छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठाकडे जातो. न्यायालय एकच, मुंबई उच्च न्यायालय. कायदाही एकच. न्यायमूर्ती तेवढे वेगळे. नाशिक जिल्हा मुंबईकडे आणि त्याला लागून असलेले अहिल्यानगर, धुळे, जळगाव संभाजीनगरकडे, अशी वाटणी असल्याने आपल्या भागातल्या वकिलांना एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. प्रश्न कोणापुढे जातो, याने फरक पडतो. बार रूममध्ये हे रोज बोलले जाते, छापील मजकुरात मात्र क्वचितच येते. या बोलण्याला पुराव्याची शिस्त लावायची ठरवली की जे अभ्यासक्षेत्र उभे राहते, त्याची ही प्रस्तावना.

क्षेत्राचा मूळ प्रश्न साधा आहे. कर, जमीन, पाणी, बँक, सहकार, मजुरी, परवाना, भाव अशा पैशाशी थेट बांधलेल्या वादांत न्यायमूर्ती कोणाच्या बाजूने मत देतात, आणि त्या मतामागे कायद्याचे कलम किती, पूर्वीचे निवाडे किती, स्वतःची आर्थिक दृष्टी किती? काही वाचकांना हा प्रश्नच उद्धट वाटेल. न्यायमूर्तीची दृष्टी मोजायला निघणे म्हणजे त्याच्या प्रामाणिकपणावर शंका घेणे, असा एक समज आपल्याकडे आहे. तो मला पटत नाही. दोन प्रामाणिक माणसे एकच कलम वाचून दोन टोकांना जातात, म्हणूनच तर हा अभ्यास करावासा वाटतो. लाच घेणाऱ्याच्या निकालात समजून घेण्यासारखे फारसे काही नसते.

अमेरिकेत या अभ्यासाला शिस्त आली ती सी. हर्मन प्रिचेट यांच्या १९४८च्या ‘द रूझवेल्ट कोर्ट’ या पुस्तकाने. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी सर्वोच्च न्यायालयावर नेमलेल्या न्यायमूर्तींनी एकमेकांशी जमवून घ्यावे, ही अपेक्षा. प्रत्यक्षात ते सतत फुटत होते. प्रिचेट यांनी फुटलेल्या निकालांत कोण कोणाबरोबर गेले याचे तक्ते मांडले आणि त्यातून गट दिसू लागले. भारताच्या बाबतीत हे काम मनावर घेतले ते जॉर्ज गॅडबॉइस या अमेरिकी राज्यशास्त्रज्ञाने. भारतीय न्यायमूर्तींच्या वर्तनावरचा त्यांचा लेख १९७० साली मुंबईहून निघणाऱ्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आला. पुढे साठहून अधिक न्यायमूर्तींच्या मुलाखतींवर उभा राहिलेला त्यांचा ग्रंथ २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. पण गॅडबॉइस काय किंवा त्यांच्यामागून आलेले बहुतेक अभ्यासक काय, सर्वांची नजर दिल्लीवर, म्हणजे सर्वोच्च न्यायालयावर. ते स्वाभाविकही होते, कारण दिल्लीत मते मोजता येतात. बँक राष्ट्रीयीकरणाच्या १९७०च्या खटल्यात दहा विरुद्ध एक, आणि तो एक म्हणजे न्या. अजितनाथ राय. केशवानंद भारती खटल्यात सात विरुद्ध सहा. विशेष धारक रोख्यांच्या १९८१च्या खटल्यात, आर्थिक कायद्यांकडे न्यायालयाने सैल हाताने पाहावे असे चौघांनी म्हटले आणि न्या. ए. सी. गुप्ता वेगळे राहिले. नोटाबंदीच्या २०२३च्या निकालात न्या. नागरत्ना एकट्या. आकडे लगेच हाती येतात आणि तक्ता भराभर भरतो.

तो तक्ता भरताना पहिली ठेच लागते ती रकान्यांच्या नावांशी. अमेरिकी अभ्यासकांनी आर्थिक खटल्यांसाठी एक फूटपट्टी ठरवली: कामगार, कामगार संघटना, लहान धंदा, सरकारी नियंत्रण एका बाजूला, बडे भांडवल दुसऱ्या बाजूला. ही पट्टी नाशिक जिल्ह्यात आणून लावा. सहकारी साखर कारखान्याविरुद्ध ऊस उत्पादक न्यायालयात गेला तर ‘लहान’ कोण? कारखान्याचा सभासदही शेतकरीच. द्राक्षबागायतदार बँकेच्या वसुलीविरुद्ध उभा राहतो तेव्हा समोर जिल्हा बँक असते, आणि तिच्यात ठेवी असतात त्याच्याच गावच्या पतसंस्थेच्या.

समन्यायी पाणीवाटपाचा वाद तर या पट्टीचे तुकडे करतो. २००५ च्या कायद्याने राज्यात जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आले आणि टंचाईची झळ खोऱ्यातल्या सर्वांनी सारखी सोसावी हे तत्त्व कलम १२(६)(ग) मध्ये लिहिले गेले. प्राधिकरणाने २०१४ मध्ये ठरवून दिले की पावसाळ्याअखेर मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणाचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडावे. वरची धरणे म्हणजे गंगापूर, दारणा, मुळा, भंडारदरा. नगर-नाशिककडून विरोध झाला, मराठवाड्याकडून अंमलबजावणीची मागणी झाली, आणि २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले. आता या निकालावर कोणता शिक्का मारायचा? सरकारच्या बाजूने? सरकार तर दोन्हीकडच्या आमदारांमध्ये सापडलेले होते. गरिबाच्या बाजूने? निफाडचा शेतकरी आणि पैठणचा शेतकरी यांच्यात श्रीमंत कोण, ते पाऊस ठरवतो. माझ्या मते आपल्याकडच्या आर्थिक खटल्यांसाठी ‘डावे-उजवे’ या जोडीपेक्षा ‘वरचे-खालचे’, ‘आधीपासून उपभोगणारे आणि नव्याने मागणारे’ असे रकाने जास्त उपयोगी पडतील. या बाबतीत दिल्लीच्या अभ्यासाची नक्कल करण्यात अर्थ नाही.

दुसरी ठेच न्यायमूर्तींच्या नावांशी लागते. व्होडाफोनवरची सुमारे अकरा हजार कोटींची करमागणी २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने योग्य ठरवली; तो निकाल न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. जे. पी. देवधर यांच्या खंडपीठाचा. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उलटवला. २०१४ मध्ये त्याच उच्च न्यायालयाच्या वेगळ्या खंडपीठाने व्होडाफोनच्याच दुसऱ्या प्रकरणात, समभाग देऊन आलेला पैसा उत्पन्न होत नाही असे म्हणत कंपनीच्या बाजूने निकाल दिला आणि केंद्राने त्यावर अपील न करण्याचे ठरवले. एवढ्यावरून चंद्रचूडांच्या नावापुढे ‘सरकारकडे झुकणारे’ असे लिहून मोकळे होणारा अभ्यासक दहा वर्षांनी अडचणीत येतो. मुंबईतल्या जुन्या उपकरप्राप्त इमारती ताब्यात घेण्याची तरतूद मुंबई उच्च न्यायालयाने १९९१ मध्ये वैध ठरवली होती. तिच्यावरून निघालेला प्रश्न सर्वोच्च न्यायालयात पाचांकडे, मग सातांकडे, मग नऊ जणांकडे सरकत गेला आणि ५ नोव्हेंबर २०२४ रोजी सुटला. सात न्यायमूर्तींच्या वतीने सरन्यायाधीश चंद्रचूडांनी लिहिले की प्रत्येक खासगी मालमत्ता ही राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९(ख) मधली ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ होत नाही. न्या. नागरत्ना अंशतः सहमत, न्या. धुलिया पूर्ण विरोधात. कर चुकवण्याच्या रचनेबद्दल कठोर असणारा माणूस मालमत्तेबद्दल सावध असू शकतो. एका माणसाला एक आकडा देण्याची घाई करू नये.

आता उच्च न्यायालयाकडे वळू, कारण माझा खरा मुद्दा तिथे आहे.

मुंबई उच्च न्यायालयात मंजूर पदे ९४. पण हे चौऱ्याण्णव जण कधी एकत्र बसत नाहीत. एकल न्यायमूर्ती, दोघांचे खंडपीठ, क्वचित तिघांचे पूर्णपीठ. कराच्या, पाण्याच्या, घटनात्मक वैधतेच्या बहुतेक रिट दोघांपुढे येतात आणि दोघांचे बहुधा पटते. एक लिहितो, दुसरा सही करतो. दिल्लीची पद्धत वापरून फक्त फुटलेले निकाल मोजायचे ठरवले तर वर्षभर वाट पाहून बोटावर मोजण्याइतकी प्रकरणे हाती लागतील. जी लागतील ती मात्र बारकाईने वाचावीत.

वस्तू व सेवा कराचे एक प्रकरण नमुना म्हणून घेतो. एकात्मिक कर कायद्याच्या कलम १३(८)(ख) प्रमाणे मध्यस्थ जिथे बसतो तिथेच त्याची सेवा दिली गेली असे मानले जाई. म्हणजे परदेशी कंपनीसाठी इथे गिऱ्हाईक शोधणाऱ्याने दलाली परकी चलनात मिळवली तरी ती निर्यात नाही, आणि कर भरा. मुंबईतल्या एका व्यावसायिकाने याला आव्हान दिले. गुजरात उच्च न्यायालयाने २०२० मध्ये हेच कलम वैध ठरवलेले होते. मुंबईत ९ जून २०२१ रोजी न्या. उज्ज्वल भुयां यांनी कलम घटनाबाह्य ठरवले. आठवड्याने, १६ जूनला, त्यांच्याच शेजारी बसलेल्या न्या. अभय आहुजा यांनी ते वैध ठरवले. एक विरुद्ध एक. अशा वेळी प्रकरण तिसऱ्या न्यायमूर्तीकडे जाते आणि तिघांतले बहुमत निकाल ठरते. तिसरे होते न्या. गि. स. कुलकर्णी. त्यांचे मत १८ एप्रिल २०२३ रोजी आले. तोवर भुयां तेलंगणाचे मुख्य न्यायमूर्ती होऊन गेलेले होते.

कुलकर्णींनी कलम वैध ठरवले. तक्त्यात लिहायचे तर सरकार दोन, व्यावसायिक एक. पण त्यांनी एक अट घातली: हे कलम एकात्मिक कर कायद्यापुरतेच राहील, केंद्र व राज्याच्या जीएसटी कायद्यांखाली कर आकारायला ते वापरता येणार नाही. व्यावसायिकाकडून मागितला जात होता तो नेमका हाच कर. म्हणजे मते सरकारकडे गेली आणि बराचसा दिलासा व्यावसायिकाकडे. नुसता आकडा टिपणारा इथे फसतो, नुसता शेवटचा परिच्छेद वाचणाराही फसतो. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने हे कलमच वगळण्याची शिफारस केली. त्यामुळे भुयांचे अल्पमत बरोबर ठरले असे मी म्हणणार नाही. परिषदेने धोरण म्हणून ठरवले, घटना म्हणून नव्हे. पण अल्पमताचे आयुष्य मोजायचे असेल तर ते न्यायालयाबाहेरही शोधावे लागते.

उच्च न्यायालयातली मते मोजण्याची वेळ एकदा राज्यघटनेनेच आणली होती, हे फारसे कोणाला आठवत नाही. आणीबाणीतल्या ४२व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २२८क घातला. राज्याचा कायदा घटनाबाह्य ठरवायचा तर किमान पाच न्यायमूर्तींचे पीठ हवे आणि त्यातल्या दोन-तृतीयांश जणांचे तसे मत हवे. पाचांत तिघे विरोधात गेले तरी कायदा शाबूत. चौथा मिळाला तरच तो पडणार. जमीन, कर, भाव यांवरचे राज्यांचे कायदे उच्च न्यायालयांत अडतात, हे त्यामागचे एक दुखणे होते. दुरुस्ती संसदेत मांडणारे कायदामंत्री ह. रा. गोखले हे स्वतः मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती. आपले जुने सहकारी कसे मत देतात याचा अंदाज त्यांच्याइतका कोणाला असणार! जनता राजवटीत ४३व्या दुरुस्तीने हा अनुच्छेद गेला. त्याच्या अल्प आयुष्यावर मराठीत कोणी नीट लिहावे, असे मला फार दिवसांपासून वाटते.

पण फुटलेली मते ही उच्च न्यायालयाची नेहमीची भाषा नव्हे. तिथला कौल दिसतो तो बहुतांशी अंतरिम आदेशात. रिट बोर्डावर येते. दहा-पंधरा मिनिटे ऐकले जाते. मग ‘रूल’, म्हणजे याचिका सुनावणीसाठी दाखल करून घेतल्याचा आदेश, निघतो किंवा निघत नाही. स्टे मिळतो, नाकारला जातो, किंवा ‘निम्मी रक्कम भरा, उरलेल्याची बँक गॅरंटी द्या’ असे म्हटले जाते. अंतिम निकाल कधी येईल ते कोणी सांगू शकत नाही. कारखानदाराला, बागायतदाराला, बिल्डरला, कामगाराला जे मिळते ते बऱ्याचदा त्या पंधरा मिनिटांत. आर्थिक वादांत वेळ हाच पैसा असल्याने स्थगिती म्हणजे निम्मा निकाल, कधी पुराच. धरणातून पाणी सुटले की याचिका मंजूर होऊन काय उपयोग?

साखरेचा इतिहास याची साक्ष देतो. नियंत्रणाच्या काळात कारखान्यांना उत्पादनाचा ठरावीक हिस्सा सरकारी भावाने लेव्ही म्हणून द्यावा लागे. भाव परवडत नाही म्हणून कारखाने उच्च न्यायालयांत जात आणि अंतरिम आदेश मिळवून जास्त भावाने लेव्ही साखर विकत. पुढे याचिका फेटाळली गेली तरी जास्तीचे पैसे परत कोणाला द्यायचे? रेशनच्या दुकानात पाव-अर्धा किलो साखर घेऊन गेलेल्या बाईचा पत्ता कोणाकडे असणार? तो पैसा कारखान्यांकडेच राहू लागला, म्हणून संसदेला १९७६ मध्ये लेव्ही साखर भाव समानीकरण निधीचा स्वतंत्र कायदा करून तो वसूल करावा लागला. अंतिम निकालांच्या यादीत हे खटले ‘सरकार जिंकले’ असे नोंदले जातील. वर्षानुवर्षे पैसा कोणाकडे होता, हे त्या यादीतून कळणार नाही.

दिल्लीलाही हे ठाऊक होते. डनलॉप इंडियाच्या प्रकरणात, १९८४च्या नोव्हेंबरात, न्या. चिनप्पा रेड्डी यांनी अबकारी वसुलीला सहजपणे स्थगिती देण्याबद्दल उच्च न्यायालयांची चांगलीच कानउघाडणी केली. सरकार बँक गॅरंट्यांवर चालत नाही, असा त्यांचा सूर होता. त्याआधी ४४व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २२६ मध्ये तरतूद आली की दुसऱ्या बाजूला न ऐकता दिलेला अंतरिम आदेश उठवण्याचा अर्ज झाला तर तो दोन आठवड्यांत निकाली काढावा, नाहीतर आदेश आपोआप संपेल. संसद आणि सर्वोच्च न्यायालय दोघेही ज्या गोष्टीला वेसण घालू पाहतात, ती गोष्ट अभ्यासकांनी सोडून द्यावी हे चमत्कारिक आहे. कारण उघड आहे: अंतरिम आदेश लॉ रिपोर्टमध्ये छापले जात नाहीत. १८९९ पासून निघणारा ‘बॉम्बे लॉ रिपोर्टर’ चाळला तर कायद्याचा विकास दिसेल, बोर्डावरचा रोजचा कौल दिसणार नाही. आता आदेश न्यायालयाच्या संकेतस्थळावर रोज चढतात. तारीख, पीठ, पक्षकार, एका परिच्छेदाचा आदेश. ज्याला कंटाळा येत नाही त्याच्यासाठी ही खाण आहे.

खाणीत उतरताना दोन गोष्टींचे भान हवे. पहिली, रोस्टर. कोणते विषय कोणत्या पीठाकडे, हे मुख्य न्यायमूर्ती ठरवतात आणि ते काही महिन्यांनी बदलते. कराचे काम असलेल्या पीठाने सरकारविरुद्ध अधिक आदेश दिले, याचा अर्थ ते पीठ सरकारविरोधी असा होत नाही. त्याच्याकडे आलेल्या मागण्याच कच्च्या असू शकतात. खरी तुलना साधायची तर एकाच विषयावर, रोस्टर बदलण्याच्या आधी आणि नंतर, आदेश कसे पडले ते पाहावे. येवला-कोपरगावची जिल्हा-सीमाही अशीच उपयोगाची आहे: एकच परिपत्रक, एकच पीक, दोन पीठे. हे प्रयोग कोणी मुद्दाम रचलेले नाहीत, प्रशासनाच्या सोयीने आयते मिळालेले आहेत.

दुसरी गोष्ट, निष्कर्षाची घाई. माधव अणे, शुभंकर दाम आणि जोव्हानी को यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांचा निवृत्तीनंतरच्या नेमणुकांशी संबंध तपासला. तो शोधनिबंध गाजला आणि त्यावर वादही झाला. उलट, देशातल्या कनिष्ठ न्यायालयांच्या लाखो फौजदारी प्रकरणांची छाननी करणाऱ्या एका मोठ्या गटाला, न्यायाधीश आपल्या धर्माच्या वा लिंगाच्या आरोपीला झुकते माप देतात असा ठोस पुरावा सापडला नाही. दोन्ही वाचावेत, एकावरून दुसरे खोडू नये. न्यायालये वेगळी, प्रश्न वेगळे. शिवाय फौजदारी खटल्यात दोषी-निर्दोष असे दोन रकाने तरी असतात. आर्थिक रिटमध्ये तेही नसते, हे वरच्या जीएसटी प्रकरणात दिसलेच.

नाशिकचा विद्यार्थी, वकील किंवा नुसताच जिज्ञासू वाचक या कामाला हात घालणार असेल तर त्याने मोठा विषय घेऊ नये. एखादे वर्ष घ्यावे, एखादी बाब घ्यावी: जिल्हा बँकेच्या वसुलीविरुद्धच्या रिट, बाजार समितीच्या निवडणुका, भूसंपादनाचा मोबदला. रकाने थोडे ठेवावेत. अंतरिम आदेश काय, तो किती दिवस टिकला, त्या काळात पैसा किंवा जमीन कोणाकडे होती, शेवटी काय झाले. न्यायमूर्तींचे नाव शेवटच्या रकान्यात लिहावे, पहिल्या नव्हे. नाव आधी लिहिले की डोळा तेच शोधू लागतो. आणि वकिलांशी बोलावे. ‘त्या बोर्डावर स्टे मागूच नका’ असे एखादा जुना वकील सांगतो तेव्हा त्याच्या डोक्यात एक तक्ता असतोच, फक्त तो तपासलेला नसतो.

तक्त्यात एक रकाना मात्र सुरुवातीपासून मोकळा ठेवावा लागेल, तो मत देण्याची संधीच न मिळालेल्या खटल्यांसाठी. उदाहरण नोटाबंदीचे. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या, १४ नोव्हेंबरला जिल्हा सहकारी बँकांना जुन्या नोटा स्वीकारायला मनाई झाली, आणि नाशिक जिल्हा बँकेसह राज्यातल्या अनेक बँकांच्या तिजोरीत कोट्यवधींच्या नोटा अडकून पडल्या. देशभरच्या उच्च न्यायालयांत याचिका दाखल होत होत्या. १६ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने प्रश्न पाच न्यायमूर्तींकडे सोपवला आणि उच्च न्यायालयांतल्या सुनावण्या थांबवल्या. त्या पाचांचा निकाल सहा वर्षांनी आला. तोवर रिझर्व्ह बँकेने राज्यातल्या आठ जिल्हा बँकांना पडून राहिलेल्या नोटा तोटा म्हणून दाखवायला सांगितलेही होते. त्यात नाशिकच्या वाट्याला सुमारे २१ कोटी होते. मुंबईतल्या कोणत्या पीठाने त्या डिसेंबरात काय अंतरिम आदेश दिला असता, याचा अंदाज नोटाबंदीआधीच्या दोन-तीन वर्षांतल्या सहकारी बँका विरुद्ध रिझर्व्ह बँक अशा रिटवरून बांधता येईल. ते आदेश संकेतस्थळावर आहेत.